मालकिणीने ठोकलं होतं

मांजर दिसेनासं झालं त्या दिवसापासून मास्तरांनी सुईला हात लावला नाही. सोफे करणाऱ्या माणसाने सुई टाकली म्हणजे न्हाव्याने वस्तरा टाकला. मागे उरते ती नुसती बडबड. मास्तरांकडे तर तीही नव्हती. सकाळी उठायचं, अर्धा चहा कपात तसाच ठेवायचा, टॉर्च घ्यायची आणि गल्लीत उभ्या असलेल्या एकेका गाडीखाली वाकून बघायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, भर रस्त्यात ओणवा.

मालकीण, म्हणजे मास्तरांची बायको, कारखान्याच्या दारात उभी राहून हा तमाशा बघत होती. खाली एक लांबट खोली, तिला सगळे कारखाना म्हणत. वर घर. खालच्या खोलीत मास्तर शिवायचे, थोरला सांगाडे ठोकायचा, सून कापड कापायची आणि मालकीण सगळ्यांना कापायची. थोरला म्हणायचे खरं, पण त्याच्या पाठचं कुणी नव्हतं. धाकट्याची वाट बघून बघून नाव तेवढं पडून गेलं होतं.

"अहो, हाक मारा की!" मालकीण दारातून ओरडली. "तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय? मांजराला काय स्वप्न पडणार आहे, मालक गाडीखाली बघतोय म्हणून?"

मास्तर उठले, गुडघे झटकले आणि पुढच्या गाडीपाशी जाऊन पुन्हा वाकले. हाक काही मारली नाही.

"बघितलंस?" ती सुनेकडे वळली. "माझी आई गेली ना, त्या दिवशी हा माणूस पोटभर जेवून ढेकर देऊन झोपला होता. आणि आता मांजरासाठी चहा जात नाही घशाखाली."

"असू द्या हो आई. जीव लावला होता त्यांनी तिला."

"लावायचा ना. मी काय भाड्याने आणली होती? माझ्यावर लावला असता थोडा."

सूनबाई हसली नाही. कात्री चालवत राहिली. मालकिणीला ती गोष्ट आवडली नाही. या घरात तिच्या बोलण्यावर हसायची पद्धत होती.

मांजराचं नाव टाचणी. लहानपणी कुणाच्याही मांडीवर बसायची ती नखं रोवूनच, म्हणून. मास्तरांनी ती कचऱ्याच्या ढिगातून उचलून आणली होती, फोमच्या कातरणीत गुंडाळून. तिला एकच खोड. सोफा उलटा करून लाकडी घोड्यांवर ठेवला की त्याचं पोट उघडं पडतं. आत स्प्रिंगा, पट्टे, आणि दोन्ही हातांच्या पोकळ्या. त्या पोकळीत शिरायचं आणि झोपायचं. अंधार, ऊब, वर नव्या लाकडाचा वास. राणीला काय पाहिजे आणखी! पिल्लू असताना एकदा ती अशीच आत राहिली आणि मालकिणीने वरून काळं कापड मारून तळ बंद करून टाकला. सोफा म्याव म्याव करायला लागला तेव्हा सगळं उसवावं लागलं.

त्या दिवसापासून मालकिणीने रिवाज घातला. तळाचं कापड पसरायच्या आधी लाकडी हातोड्याने सांगाड्यावर खणखणीत ठोकायचं आणि ओरडायचं, "टाचणे, नीघ!" मगच पिना मारायच्या. मांजरावरच्या मायेपोटी नव्हे हं. मारलेल्या पिना उपसायचा तिला कंटाळा होता. पण रिवाज म्हणजे रिवाज. तळ बंद करायचं काम कायम तिचंच, आणि ठोकल्याशिवाय तिने एकही सोफा बंद केला नव्हता. नवी गिऱ्हाइकं हसायची. मालकीण सोफ्याला दम देते म्हणायची. टाचणी पोकळीतून बाणासारखी सुटायची, मास्तरांच्या खांद्यावर जाऊन बसायची आणि तिथून मालकिणीकडे अशी बघायची की जशी काही घराची मालकीण तीच.

मास्तर तर तिच्याशी बोलायचे. बायकोशी बोलायला ज्याला तीन वेळा खाकरावं लागायचं, तो माणूस मांजराला विचारायचा, "हा दोरा चालेल का गं?"

तर असं ते मांजर गेलं. आठवडाभर मास्तरांच्या गुडघ्यांना रस्त्याचं डांबर लागलं. मालकीण आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडे सध्या सोफे नाहीत, गाड्यांची तपासणी चालू आहे."

मग दातांच्या डॉक्टरचा फोन आला.

त्याचा नवा दवाखाना. बाहेर रुग्णांना बसायला म्हणून मोठा सोफा करून घेतलेला. प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळून पोहोचवला होता आणि दवाखाना सुरू होईपर्यंत कुलूप. कुलूप त्याने आज काढलं होतं.

"तुमच्या सोफ्याला वास मारतोय," तो म्हणाला. "नवीन गोंद वापरता का काही? माझ्या नर्सला उलटी झाली."

मालकिणीने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. हुशार बाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो कुठे होता, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण तोंडाने ती एवढंच म्हणाली, "पाठवते टेम्पो."

सोफा आला तेव्हा टेम्पोवाल्याने नाकाला रुमाल बांधला होता. थोरल्याने सोफा उतरवून घोड्यांवर उलटा ठेवला. मास्तर पुढे आले, त्यांनी पिना काढायचा चिमटा घेतला आणि एकेक पीन काढायला लागले. घाई नाही. फाडलं असतं तर चाललं असतं, कापड वायाच जाणार होतं; पण ते एकेक पीन काढून डबीत टाकत राहिले. सगळे उभे. कापड दुमडलं तेव्हा त्याच्या आतल्या अंगाला नखांचे ओरखडे दिसले. वरून खाली, वरून खाली, एकाच जागी, कापडाचं सूत निघून जाळी झालेली. पण वरून प्लास्टिक होतं. आणि खाली हाताच्या पोकळीत ती.

"मी म्हटलं होतं थोरल्याला," टेम्पोवाला रुमालातून बोलला. "वाटेत म्हटलं, तुमचा सोफा रडतोय."

सगळ्यांनी थोरल्याकडे बघितलं. थोरला लाल झाला. "नवीन स्प्रिंगा करकरतात. तसंच वाटलं मला. इंजिनाचा एवढा आवाज, मी काय कान लावून बसू?"

मास्तरांनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बायकोकडे बघत होते. आठवड्यात पहिल्यांदा त्यांचं तोंड उघडलं.

"ठोकलं नाहीस तू."

"ठोकलं."

"ठोकलं असतंस तर ती निघाली असती."

"अहो, ठोकलं! ओरडलेसुद्धा! नेहमीसारखं."

"नेहमीसारखं ती निघाली असती," मास्तर म्हणाले, आणि दोन्ही हात पोकळीत घातले.

मागच्या भिंतीला लागून त्यांनी खड्डा खणला. एका लाकडी पेटीला आतून हिरवी मखमल लावली, खाली पातळ फोम, कडेने टीप. अशी टीप त्यांनी कित्येक दिवसांत कुणासाठी घातली नव्हती.

"मखमल कुणाची कापलीत?" मालकिणीने विचारलं.

"गिऱ्हाइकाची."

"वा! म्हणजे आता माणसाची खुर्ची उघडी आणि मांजराचं मढं मखमलीत. गिऱ्हाइकाला काय सांगू? बसा, पण अर्धंच बसा?"

कुणी हसलं नाही. मास्तरांनी पेटीवर माती ढकलली.

आता खरी गोष्ट इथून पुढे. मांजर मेलं त्याचं मालकिणीला काय वाटलं ते तिचं तिला ठाऊक; पण मांजराबरोबर तिची अब्रूही त्या खड्ड्यात गेली, हे तिला दुसऱ्याच दिवशी समजलं. फोमवाला गठ्ठा टाकायला आला आणि जाताना हळूच म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका आई. चुकून होतं माणसाच्या हातून."

"कुणाच्या हातून?"

"मास्तर सांगत होते..." फोमवाल्याने काढता पाय घेतला.

शेजारच्या छत्रीवाल्याने तेच म्हटलं. टेम्पोवाल्याने तर न विचारताच म्हटलं. सूनबाईने तिला गोड आवाजात समजावलं, आणि गोड आवाज मालकिणीला तुपातल्या माशीसारखा वाटायचा. "वय झालं की विसरायला होतं आई. माझ्या आजीला आपण जेवलो की नाही तेही आठवायचं नाही."

"तुझी आजी तुझ्या आजोळी विसरायची. मी विसरलेली नाही. मी ठोकलं."

"बरं," सून म्हणाली. 'बरं' हा शब्द वेड्यांशी बोलताना वापरतात तसा.

आणि मग थोरल्याने डोकं खाली घालून त्यावर कडी केली. "आई, मी काय म्हणतो, तळ बंद करायचं काम आता मी करत जाईन. तू वरचं बघ. बटणं लाव."

बटणं! नातवंडांनी लावायची बटणं! मालकिणीने हातातली पिनांची गन खाली ठेवली. ती काही बोलली नाही, म्हणजे किती लागलं असेल बघा. आज तळ गेला, उद्या गल्ल्याची किल्ली जाणार, परवा वरच्या खोलीत एक खुर्ची आणि 'आई, तुम्ही बसून राहा.' तिने दुसऱ्यांची अशी वाट लागलेली बघितली होती. लावलीही होती.

बटणं लावता लावता ती एकाच गोष्टीभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत होती. मी ठोकलं. मी ओरडले. मग मांजर उठलं का नाही? आपल्यालाच तर भ्रम होत नाही ना, असंही एकदा मनात आलं, आणि त्या विचाराची तिला एवढी भीती वाटली की ती उठून काहीतरी काम शोधायला लागली.

कोपऱ्यात कॉम्प्रेसर होता. पिनांच्या गनला हवा पुरवणारं ते धूड. त्याच्या टाकीवर एक गोणपाट घडी करून ठेवलेलं, त्यावर पांढऱ्या केसांचा थर. थंडीपासून टाचणी तिथेही झोपायची, टाकी गरम असते म्हणून. हे तरी फेकू या, म्हणून मालकिणीने गोणपाटाला हात घातला, आणि त्याच क्षणी कॉम्प्रेसर सुरू झाला.

धडधडधड! खाडकन दोन पावलं मागे उडाली ती. हातातलं गोणपाट पडलं. तिकडे सुनेने दचकून कापड वाकडं कापलं. "मेलं हे यंत्र," सून पुटपुटली, "रोज दचकवतं."

मालकीण छातीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिचा हात हळूहळू खाली आला.

रोज दचकवतं. माणसाला. आणि मांजर त्याच्यावर घोरत होतं?

जे मांजर पूर्वी डब्याचं झाकण पडलं तरी कपाटावर चढायचं, ते?

ती तशीच खाली बसली आणि एकेक टाका उसवत गेली. थंडीपासून मास्तर मांजराला जेवायला बोलवायचे ते दिवा लावून-विझवून. तिने विचारलं होतं, "मांजराला काय सिनेमा दाखवताय?" ते फरशीवर पाय आपटायचे. तिने म्हटलं होतं, "फरशी फोडा, मग घर फोडा." आणि हा माणूस आठवडाभर टॉर्च घेऊन गाडीखाली बघत फिरला, एक हाक मारली नाही. हाक कशाला मारेल? ऐकणार कोण होतं!

"अस्सं," मालकीण मोठ्याने म्हणाली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजराच्या मालकाने डोळे मिटले होते.

तिने जेवणाच्या वेळेपर्यंत दम धरला. सगळे वर बसले, ताटं वाढली. मास्तर घास चिवडत होते.

"अहो," ती म्हणाली, "टाचणीला ऐकू कधीपासून येत नव्हतं?"

मास्तरांचा हात थांबला. थोरल्याने वर बघितलं.

"काय?" सून म्हणाली.

"तुला नाही विचारलं. ह्यांना विचारलं."

मग मास्तर ताटाकडे बघत म्हणाले, "थंडी सुरू झाली तेव्हापासून. जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं मी. म्हातारी झाली म्हणाला, आता नाही येणार ऐकू."

"आणि कुणाला सांगितलंत?"

"कुणाला नाही."

"म्हणजे मी लाकडावर ठोकत राहिले, घसा फोडत राहिले, आणि तुम्हाला ठाऊक होतं की त्याचा काही उपयोग नाही."

"झोपली की तिला हादराही कळायचा नाही, म्हणून मी लक्ष ठेवायचो. तू तळ घ्यायला लागलीस की मी आधी पोकळीत हात घालून बघायचो. रोज बघायचो." त्यांनी ताट बाजूला सारलं. "त्या दिवशी तो कापडवाला आला. त्याच्याशी बोलत बसलो. परत आलो तर सोफा टेम्पोत चढला होता. मला वाटलं, ती बाहेर असेल."

"म्हणजे मारलीत कुणी?"

"आई!" थोरला म्हणाला.

"तू गप. तू तर तिचं रडणं ऐकत बसून गेलास. स्प्रिंग म्हणे!" तिने पुन्हा नवऱ्याकडे तोंड केलं. "मारलीत कुणी? बोला. आठवडाभर माझ्या नावाने शिमगा चाललाय, सून मला वेडी ठरवतेय, पोरगा बटणं लावायला बसवतोय. बोला ना!"

"मी," मास्तर म्हणाले.

"मोठ्याने."

"मी मारली."

त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. सूनबाईने पदर तोंडाला लावला. मालकिणीला दिसत होतं सगळं. पण पोळीचा तवा तापलेला असताना खाली उतरवायचा नसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक.

"आणि सांगितलं का नाहीत? एवढं काय सोनं लपवत होतात?"

आता मास्तरांनी मान वर केली. रागाने नव्हे. विचारलं म्हणून सांगावं तसं ते म्हणाले, "तू तिला घालवली असतीस."

"मी? मी कशाला घालवीन?"

"आईला घालवलीस तशी."

मास्तरांच्या आईला शेवटी शेवटी ऐकू येत नव्हतं. दारात उभी राहायची, गिऱ्हाईक विचारायचं एक, ती सांगायची भलतंच. दिवसभर ओरडून ओरडून मालकिणीचा घसा बसायचा. एक दिवस तिने सासूचं बोचकं बांधलं आणि तिला नणंदेकडे पोहोचवलं. चार दिवस म्हणून. म्हातारी परत आली नाही. तिथेच भिंतीकडे तोंड करून संपली. मास्तर तेव्हा काही बोलले नव्हते. मालकिणीला वाटलं होतं, त्यांना पटलं.

"घालवली," ती म्हणाली. "हो, घालवली. कारखाना कोण चालवत होतं? तुम्ही टीप घालत बसायचा. पदरात हे पोर, अंगावर काम, आणि दारात बहिरी म्हातारी. आजही घालवीन."

"म्हणून नाही सांगितलं," मास्तर म्हणाले.

थोरल्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. आपण जिंकलो, हे मालकिणीला कळत होतं, पण जिंकल्यासारखं तोंड गोड होत नव्हतं. अशा वेळी माणसाने थांबावं. ती कधी थांबली होती?

"ते राहू दे. आता माझं ऐका. ज्याला ज्याला तुम्ही सांगितलंत ना, की बायकोने ठोकलं नाही, त्याला त्याला जाऊन खरं काय ते सांगायचं. फोमवाला, छत्रीवाला, टेम्पोवाला. एकही सोडायचा नाही. सगळं सांगायचं, आतबाहेर काही ठेवायचं नाही. माझी चूक नव्हती हे लोकांना कळलं पाहिजे."

"सांगतो," मास्तर म्हणाले.

साधा माणूस. शब्द दिला की पाळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्याने न बोलता पिनांची गन आईच्या हाताशी ठेवली आणि बटणांचा डबा उचलून नेला. तळ तिचा तिला मिळाला. मास्तरांनी सुईत दोरा ओवला. सगळं जिथल्या तिथे बसलं असं वाटेपर्यंत फोमवाला आला.

मास्तर उठले. चष्मा काढला, हात पुसले आणि त्याच्यासमोर उभे राहिले.

"मी तुला चुकीचं सांगितलं होतं," ते म्हणाले. "हिने ठोकलं होतं. हिची काही चूक नाही. टाचणीला ऐकू येत नव्हतं आणि ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण मला माझ्या बायकोची भीती वाटते. बहिरं झालेलं कुणी ती घरात ठेवत नाही. माझ्या आईला तिने घालवलं होतं. म्हणून टाचणी मेली."

फोमवाल्याच्या काखेतला गठ्ठा घसरला.

"हे काय?" तो गेल्यावर मालकीण कडाडली. "एवढं पुराण कुणी सांगायला सांगितलं होतं?"

"तू म्हणालीस, सगळं."

छत्रीवाल्याला सांगितलं. टेम्पोवाल्याला सांगितलं. ज्यांना आधी काहीच ठाऊक नव्हतं त्यांनाही सांगितलं. शब्द तेच, क्रम तोच, आवाज चढा नाही की टोमणा नाही. टीप घालावी तसं सरळ. माणसं ऐकायची, मग मालकिणीकडे बघायची, मग कापडांकडे बघायची. हात दाखवून अवलक्षण! पूर्वी विसरभोळी म्हातारी म्हणून लोकांना तिची कीव यायची. आता कुणाला तिची कीव येत नव्हती. सून तिच्याशी अदबीने वागायला लागली, उशिरा उत्तर द्यायची नाही, हाकेसरशी यायची. एकदा मालकिणीने मागून हाक मारली आणि सुनेच्या लक्षात आलं नाही, मग लक्षात आल्यावर ती अशी धावत आली, घाबरीघुबरी, "ऐकलं हो आई, ऐकलं मी!" की मालकीण काय मागणार होती तेच विसरली.

शेवटी दातांचा डॉक्टर आला. सोफा नव्याने करून द्यायचा ठरलं होतं, कापड निवडायचं होतं. त्याला खुर्ची दिली. तो बसतो न बसतो तोच मास्तर उठले, चष्मा काढला.

"डॉक्टर, तुम्हाला सांगायचं राहिलं," ते म्हणाले.

"अहो, पुरे आता," मालकीण हळू आवाजात म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे डॉक्टरला सोडा, थोरल्यालाही नवीन होतं.

तरी मास्तरांनी सांगितलंच. पहिल्यापासून शेवटपर्यंत. डॉक्टर अर्धवट हसला. यात विनोद कुठे आहे ते शोधत असावा. सापडला नाही तेव्हा त्याने हसू आवरलं.

मास्तर बायकोकडे वळले. "का गं? काही चुकलं का सांगताना?"

खरंच विचारत होते. मालकिणीने त्या बोलण्यावरून मनातल्या मनात हात फिरवला. कापडातली खोट ती डोळे मिटून सांगायची. इथे एक गाठ लागेना, एक धागा सुटा निघेना.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे."

आणि कापडांच्या नमुन्यांचा गठ्ठा तिने डॉक्टरच्या मांडीवर आपटला.

"बघा. फिक्कं घेऊ नका. रक्त सांडतं तुमच्याकडे."